रिकामा रकाना

(शाळेच्या जुन्या प्रवेश नोंदवह्यांची संगणकीय प्रत हीरक महोत्सवी वर्षात माजी विद्यार्थ्यांना अर्पण करण्यात आली. त्या प्रसंगी मुख्याध्यापिकांनी केलेले भाषण.)





हीरक महोत्सवाच्या समारंभात मुख्याध्यापिकेने शाळेच्या साठ वर्षांच्या वाटचालीचा गौरव करावा, अशी आपली अपेक्षा असणार. तो गौरव माझ्या आधीच्या वक्त्यांनी समर्थपणे केला आहे. मी आज एका अगदी लहान गोष्टीविषयी बोलणार आहे. साध्या मजकुराचे रकान्यांत विभाजन करणारी, जेमतेम चार ओळींची एक आज्ञावली आमच्या संगणक शिक्षकांनी तयार केली. आपल्या हाती आज जी नोंदवहीची प्रत येत आहे, ती त्या चार ओळींमुळे. तिने आमचे कित्येक महिन्यांचे काम काही दिवसांवर आणले. आणि तिच्यावर डोळे मिटून विसंबल्यामुळे माझ्या हातून एका माजी विद्यार्थिनीवर अन्याय झाला. या दोन्ही गोष्टी आपल्यापुढे मांडल्या नाहीत, तर आजचे अर्पण अपुरे राहील असे मला वाटते.

आपल्या प्रवेश नोंदवह्या ज्यांनी पाहिल्या असतील त्यांना त्यांचे रूप आठवत असेल. जाड पुठ्ठा, लाल कापडी पाठ, आणि आत लांबच लांब आडवी पाने. पानावर उभ्या रेघा आणि त्यांच्यामधले बारा रकाने. अनुक्रमांक, विद्यार्थ्याचे पूर्ण नाव, वडिलांचे नाव, पालकाचे नाव, व्यवसाय, मातृभाषा, जन्मतारीख, जन्मगाव, आधीची शाळा, प्रवेशाची इयत्ता, शाळा सोडल्याची तारीख आणि शेवटी शेरा. हैदराबादसारख्या शहरातील मराठी शाळेचा सगळा इतिहास या बारा रकान्यांत आहे. सुरुवातीच्या पानांवर जन्मगावाच्या रकान्यात नांदेड, उदगीर, परभणी, लातूर अशी गावे वारंवार दिसतात. १९५६ पर्यंत मराठवाडा आणि हे शहर एकाच राज्यात होते, हे त्या रकान्याकडे पाहून कुणालाही उमगावे. पुढच्या पानांवर तीच जागा सुलतान बाजार आणि काचीगुडा घेतात. मातृभाषेच्या रकान्यात मराठीच्या जोडीला तेलुगू, कानडी आणि उर्दू येऊ लागतात.

ही पाने जीर्ण होऊ लागली होती. कडा कुरतडल्या होत्या, शाई फिकी पडत चालली होती. म्हणून हीरक महोत्सवी वर्षात ती संगणकावर उतरवून घ्यायची असे आम्ही ठरवले. नववीच्या मुलींनी सुट्टीत बसून एकेक ओळ टंकित केली. आमच्याकडे महागडी प्रणाली नव्हती, म्हणून सर्व मजकूर साध्या मजकुराच्या रूपात उतरवला गेला.

साधा मजकूर म्हणजे काय, हे मलाही तेव्हाच नीट समजले. त्यात ठळक अक्षर नसते, रंग नसतो, आणि वहीतली उभी रेघही नसते. एकामागून एक आलेली चिन्हे, एवढेच त्याचे स्वरूप. रकाना कोठे संपला हे सांगायचे असेल तर तेही एखाद्या चिन्हानेच सांगावे लागते. स्वल्पविराम वापरावा, तर आधीच्या शाळेच्या पत्त्यात स्वल्पविराम असतातच. मोकळी जागा वापरावी, तर ‘विद्यार्थ्याचे पूर्ण नाव’ या एका रकान्यातच दोन-तीन मोकळ्या जागा असतात. म्हणून टॅब हे चिन्ह आम्ही निवडले. ते मजकुरात एरवी येत नाही.

मी मराठीची विद्यार्थिनी. मला या वेळी मोडी लिपीची आठवण झाली. मोडी लिहिणारा आधी पानभर शिरोरेषा ओढतो आणि तिच्याखाली अक्षरे सलग लिहीत जातो, दोन शब्दांमध्ये जागा सोडत नाही. वाचणारा अर्थाच्या आधारे शब्द सुटे करतो. संगणकाला ही वाट मोकळी नाही. त्याला अर्थ कळत नाही, त्याला खूण कळते. तो तोडतो ते आपण दाखवलेल्या खुणेवर. त्यामुळे खूण ठरवण्याची सगळी जबाबदारी आपल्यावर येते.

मजकूर रकान्यांत तोडण्याची गरज संगणकाइतकीच, किंबहुना त्याहून जुनी आहे. अमेरिकेतील १८९० च्या जनगणनेसाठी हर्मन हॉलरिथ यांनी छिद्रे पाडलेली कार्डे वापरली. १९२८ मध्ये आयबीएम कंपनीने ऐंशी रकान्यांचे कार्ड आणले. एका रकान्यात एक चिन्ह, असा त्याचा हिशेब. नावासाठी वीस रकाने राखले असतील, तर नाव वीस चिन्हांतच बसले पाहिजे. पुढे १९६९ च्या सुमारास बेल लॅब्ज या संशोधन संस्थेत युनिक्स ही प्रणाली जन्माला आली आणि तिच्याबरोबर लहान लहान अवजारांची एक परंपरा निर्माण झाली. प्रत्येक अवजाराने एकच काम करावे, पण नीट करावे, आणि एकाचे फलित दुसऱ्याच्या हाती द्यावे, असा तिचा दंडक. त्या अवजारांपैकी ‘कट’ नावाचे एक साधन मजकुरातून हवा तो रकाना कापून देते. १९७७ मध्ये तयार झालेली ‘ऑक’ ही भाषा त्याच कामासाठी आणखी समर्थ. तिचे नाव आहो, वाइनबर्गर आणि कर्निघन या तिच्या तीन कर्त्यांच्या आडनावांच्या आद्याक्षरांवरून पडले. आमच्या शिक्षकांच्या चार ओळी याच भाषेतल्या.

कार्डांच्या काळातली ठरावीक रुंदीची पद्धत आपल्या लिपीला मुळीच मानवत नाही, हे येथे सांगायला हवे. ‘लक्ष्मी’ हे नाव घ्या. आपल्या दृष्टीने त्यात अक्षरे दोन. संगणक मात्र ल, क, हलन्त, ष, हलन्त, म आणि दीर्घ वेलांटी अशी सात चिन्हे मोजतो. आज सर्वत्र प्रचलित असलेल्या यूटीएफ-८ या पद्धतीत प्रत्येक देवनागरी चिन्हाला तीन बाइट लागतात, म्हणजे साठवताना ही लक्ष्मी एकवीस घरे अडवते. पाच चिन्हांवर रकाना तोडला, तर उरते ते ‘लक्ष्’. नावाचा असा भंग कोणत्याही शाळेच्या दप्तरात होऊ नये. म्हणून आम्ही मोजून तोडण्याऐवजी खुणेवर तोडण्याचा मार्ग घेतला.

इथवर सारे ठीक होते. पण मुलींनी टंकन करताना एक गोष्ट केली, आणि ती अगदी स्वाभाविक होती. पडद्यावर रकाने एकाखाली एक नीट दिसावेत म्हणून त्यांनी लांब नावापुढे टॅबची कळ एकदा दाबली आणि आखूड नावापुढे दोनदा. सुवाच्य आणि नीटनेटके लिहा, हे आपणच त्यांना पहिलीपासून शिकवतो. त्यामुळे एकाच सीमेवर कोठे एक टॅब, कोठे दोन, अशी स्थिती झाली. यावर तोडगा म्हणून आज्ञावलीत एक नियम घालण्यात आला. सलग कितीही टॅब आले तरी ती एकच सीमा समजावी. आज्ञावली चालवली, आणि क्षणात बाराही रकाने सुबकपणे सुटे झाले. आम्ही सर्वांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

आपल्यापैकी जे कार्यालयांत एक्सेल वापरतात त्यांना हा नियम ओळखीचा वाटेल. मजकुराचे रकाने करताना तेथेही, सलग आलेली विभाजक चिन्हे एकच समजावीत का, अशी एक चौकट असते. बहुतेक जण ती न वाचताच खूण करून पुढे जातात.

या नियमाचा अर्थ काय होतो, तो मला एका बाईंनी शिकवला.

काही महिन्यांपूर्वी शाळेच्या एक माजी विद्यार्थिनी माझ्याकडे आल्या. त्यांना सेवापुस्तकातील नोंदीसाठी शाळा सोडल्याच्या दाखल्याची दुय्यम प्रत हवी होती. आमच्या लिपिकांनी नव्या संगणकीय यादीवरून प्रत काढून दिली. दुसऱ्या आठवड्यात त्या परत आल्या. दाखल्यावर वडिलांच्या नावापुढे त्यांच्या आईचे नाव छापले होते. त्यांच्या कार्यालयाने तो अर्थातच स्वीकारला नव्हता. मी पडद्यावर यादी पाहिली. यादीतही तसेच होते. मी त्यांना म्हटले, “आमच्या नोंदीत असेच आहे. दुरुस्ती हवी असेल तर वडिलांच्या नावाचा पुरावा आणि प्रतिज्ञापत्र घेऊन या.”

त्या काही वेळ गप्प बसल्या. मग शांतपणे म्हणाल्या, “बाई, वडिलांच्या नावाचा पुरावा माझ्याकडे नाही. माझ्या आईने शाळेत नाव घातले तेव्हा वडिलांचे नाव सांगितले नव्हते, आणि तेव्हाच्या सरांनी ते तसेच लिहून घेतले होते. आईने मला हे कितीदा तरी सांगितले आहे. तुम्ही मूळ वही पाहिलीत का?”

मी मूळ वही पाहिली नव्हती. अर्ध्या दिवसाची रजा टाकून दोनदा आलेल्या त्या बाईंपेक्षा मी पडद्यावरच्या सुबक रकान्यांवर अधिक विश्वास ठेवला होता.

वही काढली. पान सापडले. वडिलांच्या नावाच्या रकान्यात लाल शाईची एक छोटी आडवी रेघ होती. पालकाच्या रकान्यात आईचे नाव, व्यवसायाच्या रकान्यात शिवणकाम, मातृभाषेच्या रकान्यात मराठी. आणि अगदी शेवटच्या, शेऱ्याच्या रकान्यात बारीक अक्षरांत लिहिले होते, ‘आईच्या सांगण्यावरून’. खाली त्या वेळच्या मुख्याध्यापकांची आद्याक्षरी सही होती.

मग संगणकावरची ओळ पुन्हा उघडली आणि पूर्ण वाचली. टंकन करणाऱ्या मुलीने ती रेघ म्हणजे काहीच नाही असे समजून रकाना मोकळा सोडला होता. मोकळ्या रकान्याच्या दोन्ही बाजूंचे टॅब शेजारी शेजारी आले. आज्ञावलीने ते एकच सीमा मानले आणि मधली रिकामी जागा मिटवून टाकली. त्यानंतरचे सगळे एकेक घर सरकले. वडिलांच्या जागी आई आली. पालकाच्या जागी शिवणकाम. व्यवसाय मराठी, मातृभाषा जन्मतारीख. ओळीत बारा ऐवजी अकराच रकाने उरले होते. पण शेवटी एक घर कमी आहे हे कुणाच्या लक्षात येते?

मित्रहो, दाखल्यावर यांतले दोनच रकाने छापले जात असल्याने ही गंमत आम्हाला दिसलीच नाही. आणि जी दिसली, तिचा भार आम्ही त्या बाईंवर टाकला. मी त्यांची क्षमा मागितली. नवा दाखला मी स्वतःच्या हाताने लिहिला आणि त्या रकान्यात वहीत होती तशीच रेघ ओढली. त्यांनी दाखला वाचला, घडी घातली, आणि वहीतले ते पान आपल्या आईसाठी मोबाइलवर टिपून घेऊ का, असे विचारले. त्यांच्या आई आज नव्वदीच्या घरात आहेत.

त्या रात्री मी त्या लाल रेघेचा विचार करत राहिले. आपल्या जुन्या कारकुनांची एक रीत होती. रकाना कधी कोरा सोडायचा नाही. लिहिण्यासारखे काही नसेल तर रेघ ओढायची, नाहीतर ‘निरंक’ असे लिहायचे. यामागे दोन कारणे असत. कोऱ्या जागेत पुढे कुणी काही भरू नये, हे एक. आणि ही जागा विसरून राहिलेली नाही, विचारून, समजून मोकळी ठेवली आहे, अशी ग्वाही देणे, हे दुसरे. ‘निरंक’ हा शब्द आपण सरकारी अर्जांवर पाहतो आणि कंटाळतो. त्या दिवशी मला त्याचे मोल कळले. एका परित्यक्ता स्त्रीला, वडिलांचे नाव सांगितल्याशिवाय मुलीला घेणार नाही, असे म्हणणे त्या काळात सोपे होते. त्या मुख्याध्यापकांनी तसे म्हटले नाही. खोटे नावही लिहिले नाही. त्यांनी जागा रिकामी राखली आणि तिच्यावर सही केली. ती राखलेली जागा आम्ही चार ओळींत पुसून टाकली होती.

मग आम्ही काम नव्याने केले. आता प्रत्येक सीमेवर टॅब एकच, मग पडद्यावर रकाने वेडेवाकडे दिसले तरी चालतील. दोन टॅब शेजारी आले तर त्यांच्यामध्ये एक रिकामा रकाना आहे, असेच समजायचे. ‘कट’ हे साधन मुळात असेच वागते. सलग आलेली चिन्हे ते एकत्र करत नाही. शिवाय मुलींनी मोकळ्या घरात ‘निरंक’ हा शब्द लिहायचा. आणि आज्ञावलीत एक ओळ वाढवली. तिने रकाने मोजायचे. बारा भरले तर ओळ पुढे पाठवायची, कमी-अधिक भरले तर स्वतः काही न ठरवता ती बाजूला ठेवायची. बाजूला पडलेली प्रत्येक ओळ आमच्यापैकी कुणीतरी मूळ वहीशी ताडून पाहायची.

बाजूला पडलेल्या त्या ओळी मी स्वतः वाचल्या. त्यांत अनाथाश्रमातून आलेली मुले होती. ज्यांच्या जन्मतारखेची नोंदच नव्हती अशी मुले होती. आधीची शाळा नसलेली, वयाने मोठी होऊन एकदम वरच्या वर्गात बसलेली मुले होती. शाळा सोडल्याची तारीख नसलेली मुले होती. ती एका दिवशी आली नाहीत आणि मग कधीच आली नाहीत. यंत्राला ज्या ओळी अडचणीच्या वाटल्या, त्या बहुतेक अशा मुलांच्या निघाल्या, ज्यांच्याकडे शाळेने अधिक लक्ष द्यायला हवे होते.

आणखी एक निर्णय आम्ही घेतला. विद्यार्थ्याचे पूर्ण नाव आम्ही तोडले नाही. पहिला शब्द स्वतःचे नाव, मधला वडिलांचे, शेवटचा आडनाव, ही आपली मराठी रीत झाली. या शहरात ती सर्वांना लागू पडत नाही. माजी पंतप्रधान पामुलपर्ती वेंकट नरसिंह राव यांचेच उदाहरण घ्या. मराठीचे ते उत्तम जाणकार. हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो’ ही कादंबरी त्यांनी तेलुगूत नेली. त्यांचे नाव आपल्या नियमाने तोडले, तर पामुलपर्ती हे त्यांचे घराण्याचे नाव स्वतःच्या नावाच्या रकान्यात जाईल आणि राव आडनाव ठरेल. आपल्या वर्गांत तेलुगू घरांतली मुले शिकली आहेत, शिकत आहेत. त्यांचे नाव त्यांच्या घरच्या रीतीनेच राहिले पाहिजे. नावे सुटी करण्याची जेथे खरोखर गरज असते, तेथे आम्ही घरच्यांना विचारतो आणि हाताने लिहितो.

रकाने हे काही आकाशातून पडत नाहीत. ते कुणीतरी आखतो. आपल्या जुन्या वहीत आईसाठी स्वतंत्र रकाना नाही. आई दिसते ती पालक म्हणून, आणि तीही वडील नसतील तेव्हाच. महाराष्ट्र शासनाने आता १ मे २०२४ रोजी व त्यानंतर जन्मलेल्यांच्या शासकीय कागदपत्रांत स्वतःचे नाव, आईचे नाव, मग वडिलांचे नाव आणि आडनाव असा क्रम ठरवला आहे. आपण त्या राज्याबाहेर आहोत; पण आपल्या नव्या नोंदवहीत आईचा रकाना आम्ही यंदापासून वडिलांच्या आधी आखला आहे. तो आखताना मला त्या शिवणकाम करणाऱ्या माउलीची आठवण झाली.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यापैकी अनेक जण पुढे संगणकाच्या क्षेत्रात जातील. हे शहरच तसे आहे. लाखो लोकांच्या नोंदी तुमच्या हाताखालून जातील. तेव्हा आमच्या या चुकीतून तीन गोष्टी घ्या. तोडण्याआधी खूण नीट निवडा. तोडल्यावर रकाने मोजा. आणि पडद्यावरची ओळ आणि समोरचा माणूस यांच्यात विसंगती दिसली, तर माणसाकडे पुरावा मागण्याआधी मूळ वही उघडा.

ही प्रत आज मी माजी विद्यार्थ्यांच्या हाती देत आहे. तिच्यात आपापली ओळ शोधा. काही चुकले असेल तर निःसंकोच सांगा. मूळ वह्या माझ्या कार्यालयातील कपाटात आहेत आणि त्या आपल्यासमोर उघडल्या जातील. ज्या मुलींनी हे सारे दोनदा टंकित केले, दुसऱ्यांदा एका शब्दाने कुरकूर न करता, त्यांचे मी आपणा सर्वांच्या वतीने कौतुक करते. आमच्या संगणक शिक्षकांचे आभार मानते. आणि ज्यांनी मला वही उघडायला लावली, त्या माजी विद्यार्थिनी आज या सभागृहात बसल्या आहेत. त्यांचे नाव मी घेणार नाही, तशी त्यांचीच इच्छा आहे. त्यांचे ऋण मात्र जाहीरपणे मान्य करते.